विश्वाला पहिलं कारण लागतं का? आधी ‘पहिलं’ म्हणजे काय ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्र म्हणतो, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, तेव्हा विश्वालाही असणारच. तुम्ही विचारता, मग त्या कारणाचं कारण काय? तो म्हणतो, त्याला लागत नाही. तुम्ही म्हणता, मग विश्वालाच लागत नाही असं का म्हणू नये? गाडी दर वेळी इथेच रुतते. जोडीला तुम्ही हेही विचारलंय की बिग बँगमुळे हा प्रश्न निकालात निघाला की नाही.

दोघंही अडता याचं कारण एकच. मित्रानं मांडलेलं विधान मुळात मोडकं आहे आणि तुम्ही त्या मोडक्या विधानालाच उत्तर देताय. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ हे गृहीतक या वादातल्या मोठ्या विचारवंतांनी वापरलेलंच नाही. इस्लामी विचारवंत अल-गझाली (१०५८–११११) म्हणतो, ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं. ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) म्हणतो, जे बदलतं ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलतं. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ म्हणतो, जे नसूही शकलं असतं ते का आहे, याला पुरेसं कारण असलं पाहिजे. न्यायदर्शनाचे उदयनाचार्य म्हणतात, जे कार्य आहे त्याला कर्ता असतो. चारही विधानांत एकेक अट आहे, आणि आदिकारण त्या अटीत बसत नाही असंच या सगळ्यांचं म्हणणं आहे. त्यामुळे ‘मग त्याचं कारण काय’ या प्रश्नानं मित्र गप्प होईल, पण मूळ युक्तिवादाला धक्का लागणार नाही.

तुमच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र खरोखर वजनदार आहे: विश्व स्वतः त्या अटीत बसतं का? त्याला आरंभ आहे का? ते नसूही शकलं असतं का? ते ‘कार्य’ आहे का? वाद इथे व्हायला हवा.

आता ‘पहिलं’ या शब्दाकडे या, कारण सगळी गल्लत याच शब्दात आहे. पहिलं म्हणजे काळात सगळ्यांत आधीचं, आणि पहिलं म्हणजे ज्याच्यावर बाकीचं सगळं या क्षणी टेकलेलं आहे ते. हे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. बाप, आजोबा, पणजोबा ही साखळी घ्या. पणजोबा जाऊन कितीही वर्षं झाली तरी आज मुलगा होण्यात अडचण येत नाही. अक्वायनसचं उदाहरण सुताराचं आहे: एक हातोडा मोडला, त्यानं दुसरा घेतला, तो मोडला, तिसरा घेतला. आधीच्या हातोड्यांवर आत्ताचा घाव अवलंबून नाही. अशी साखळी मागे अनंत गेली तरी तर्काचं काही बिघडत नाही, हे अक्वायनसनंच मान्य केलं होतं. विश्वाला आरंभ होता हे निव्वळ तर्कानं सिद्ध होत नाही, ती श्रद्धेची बाब आहे, असं त्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय. ‘आदिकारणवाला’ म्हणून ज्याचं नाव सर्रास घेतलं जातं, त्याचं हे मत बहुतेकांना माहीत नसतं.

याउलट छताला साखळीनं टांगलेला दिवा पाहा. दिवा खालच्या कडीला, ती वरच्या कडीला, ती आणखी वरच्या कडीला. एकाही कडीला स्वतःचा आधार नाही, प्रत्येक कडी वरच्या कडीकडून आधार उसना घेते. अशा कड्या कितीही वाढवा, अगदी अनंत करा, वर हूक नसेल तर दिवा लटकणार नाही, कारण उसन्याची संख्या वाढवून भांडवल तयार होत नाही. इथे ‘पहिलं’ म्हणजे हूक. तो दिव्याच्या आधी होता की नाही याला महत्त्व नाही, तो आत्ता हवा.

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात हा भेद नीट रुजलेला आहे. बीजातून अंकुर, अंकुरातून बीज, ही मागे न संपणारी परंपरा दोष मानली जात नाही. जी अनवस्था (मागे मागे न संपणारी साखळी) मुळावर घाव घालते, म्हणजे जिच्यामुळे मूळ गोष्टीचंच स्पष्टीकरण कोसळतं, तेवढीच दोष. मित्राशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा: तुझी साखळी बीजांकुराची की दिव्याची? उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

युक्तिवाद एकूण तीन प्रकारचे आहेत: काळाचा, आधाराचा आणि पुरेशा कारणाचा. लोक बोलता बोलता एकातून दुसऱ्यात उडी मारतात. पहिल्यात कोंडी झाली की दुसऱ्याचं वाक्य फेकतात आणि समोरच्याला ते कळतही नाही.

काळाचा युक्तिवाद तीन ओळींत कागदावर लिहा, तोंडी नको. आरंभ असलेल्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं. विश्वाला आरंभ आहे. म्हणून विश्वाला कारण आहे. तर्काचा साचा निर्दोष आहे, त्यात खोट काढण्यात वेळ घालवू नका. तपासायच्या त्या वरच्या दोन ओळी.

पहिल्या ओळीवर लोक लगेच क्वांटम भौतिकी आणतात. इथे जपून. युरेनियम-२३८ चे दोन अणू घ्या, अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ४.५ अब्ज वर्षं. दोघांत तिळमात्र फरक नाही. एक आज दुपारी विघटित होतो, दुसरा पुढची दोन अब्ज वर्षं तसाच राहतो. ‘आजच का?’ याला प्रचलित क्वांटम सिद्धांतात उत्तर नाही. पण अणुकेंद्र अस्थिर आहे, त्याला नियम लागू आहेत, विघटनाची संभाव्यता अचूक मोजता येते. म्हणजे घटना नेमकी ठरवणारं कारण नाही, पण घटनेला लागणारी पूर्वअट आहे. त्यात भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमच्या मांडणीत तेच आकडे निश्चित कारणांतूनही निघतात. तेव्हा या उदाहरणातून एवढंच मिळतं की ‘कारण’ म्हणजे घटना घडवूनच आणणारं, की तिच्यासाठी नुसतं आवश्यक असलेलं, हे आधी ठरवायला हवं. ‘निर्वातातून कण उमटतात, म्हणजे शून्यातून काहीतरी येतं’ हे वाक्य तर वापरूच नका. क्वांटम निर्वात ही क्षेत्रांची एक अवस्था आहे, तिला नियम आहेत, ऊर्जा आहे. ते ‘काहीच नसणं’ नव्हे. जाणकार प्रतिपक्षी तुम्हाला इथेच धरेल.

पहिल्या ओळीवरचा भक्कम आक्षेप वेगळा आहे, आणि तो मांडायला न्यायदर्शनाचे शब्द फार उपयोगी पडतात. घटाला माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. आपण पाहिलेला प्रत्येक आरंभ म्हणजे आधीच असलेल्या उपादानाची नवी जुळणी. विश्वाच्या आरंभाला उपादानच नाही, अशा आरंभाचा दाखला आपल्याजवळ एकही नाही, कारणासकटही नाही आणि कारणाविनाही नाही. मग घट-पटांवरून काढलेला नियम तिथे लावायचा कोणत्या आधारावर? मित्राकडे याला चांगलं प्रत्युत्तर आहे: काहीच नसताना काहीतरी आपसूक उमटू शकत असेल, तर फक्त विश्वंच का उमटतात, इतर काही का नाही? तुम्ही म्हणू शकता की विश्वाच्या ‘आधी’ अशी काही अवस्थाच नव्हती जिच्यातून काही उमटेल. इथे दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत असं माझं मत आहे. पहिली ओळ सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही.

दुसरी ओळ, विश्वाला आरंभ आहे, ही दोन वाटांनी सिद्ध करू पाहतात: गणितानं आणि भौतिकीनं.

गणिताची वाट गझालीची. त्याचं उदाहरण सुंदर आहे. त्या काळच्या हिशेबानं सूर्याची एक फेरी वर्षात होते, शनीची ३० वर्षांत. म्हणजे शनीच्या एका फेरीमागे सूर्याच्या ३०. भूतकाळ अनंत असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या, म्हणजे सारख्याच झाल्या, पण एकाच्या तर ३० पट हव्यात! शिवाय त्या फेऱ्यांची संख्या सम की विषम? विसंगती दिसते खरी. पण १९व्या शतकाच्या उत्तरार्धात गेऑर्ग कँटरनं अनंताचं गणित बांधलं त्यात हे सुटतं. शनीच्या प्रत्येक फेरीची सूर्याच्या एका फेरीशी जोडी लावता येते, एकही उरत नाही, म्हणून दोन्ही अनंत समान. सम-विषम हा भेद सान्त, म्हणजे मर्यादित, पूर्णांकांचा, अनंत संख्येला तो लागत नाही. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण विचित्र असणं वेगळं आणि व्याघात, म्हणजे आत्मविसंगती, वेगळा. अनंत खोल्यांचं, सगळ्या खोल्या भरलेल्या असतानाही नव्या पाहुण्याला जागा देणारं हिल्बर्टचं काल्पनिक हॉटेल दाखवून कुणी ‘हे अशक्य’ म्हणालं तर विचारा: यात ‘आहे’ आणि ‘नाही’ एकाच वेळी कुठे आलं ते दाखव.

दुसरी हरकत अशी: अनंत भूतकाळ असता तर तो ओलांडून ‘आज’ आलाच नसता. यात एक लपलेली चूक आहे. ऋण पूर्णांकांची ओळ डोळ्यांपुढे आणा: …, −३, −२, −१, ०. त्यातला कुठलाही अंक निवडा, तिथून शून्यापर्यंतचं अंतर सान्तच निघतं. ‘अनंत अंतरावरचा आरंभबिंदू’ असा अंक त्या ओळीत नाहीच. ओलांडता येणार नाही असं आपल्याला वाटतं, कारण नकळत आपण एक सुरुवातीचा बिंदू कल्पून तिथून चालायला लागतो. आणि सुरुवातीचा बिंदू नसणं हीच तर अनंत भूतकाळाची व्याख्या. म्हणून गणिताच्या वाटेनं आरंभ सिद्ध होत नाही, असं मी ठामपणे सांगेन.

भौतिकीची वाट अधिक नाजूक. दूरच्या दीर्घिका लांब जात आहेत, हे प्रसरण उलटं मोजत नेलं की सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वीच्या अतिउष्ण, अतिदाट अवस्थेशी पोचतो. त्या अवस्थेनंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आजही २.७ केल्विनच्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या रूपात सगळीकडून येतो. १९६५ मध्ये त्याचा शोध जाहीर झाला. इथवर जमीन पक्की आहे. पण हे वर्णन आहे ती दाट अवस्था पुढे कशी उलगडली याचं. ती अवस्था हाच सर्वस्वाचा आरंभ, हे त्यात आलेलं नाही. सुरुवातीच्या साधारण १०⁻⁴³ सेकंदाच्या आत गुरुत्वाचा क्वांटम सिद्धांत लागतो आणि तो अजून कुणाच्या हातात नाही.

मित्र वाचलेला असेल तर तो बोर्ड, गूथ आणि व्हिलेन्किन या भौतिकशास्त्रज्ञांचं २००३ चं प्रमेय काढेल. त्याचा आशय नीट लक्षात ठेवा: जे विश्व सरासरीनं प्रसरण पावत आलंय, ते भूतकाळात अनंत मागे ताणता येत नाही, कुठेतरी सीमा येते. प्रमेय खरं आहे. पण सीमेपलीकडे काय, यावर ते काही बोलत नाही. पलीकडे काहीच नसेल, किंवा सरासरी प्रसरणाची अट न पाळणारी, आकुंचनाची एखादी अवस्था असेल, किंवा आपली काळाची कल्पनाच तिथे लागू नसेल. हार्टल आणि हॉकिंग यांच्या १९८३ च्या प्रारूपात तर भूतकाळ सान्त आहे पण पहिला क्षण नाही, जसा गोलाचा पृष्ठभाग सान्त असतो पण त्याला कडा नसते. ही सगळी प्रारूपं आहेत, निरीक्षणानं एकही पक्कं झालेलं नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बिग बँगनं हा प्रश्न निकालात निघाला नाही, ना होकारार्थी ना नकारार्थी. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसनी बिग बँगमध्ये सृष्टीच्या निर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा तो सिद्धांत मांडणारे आणि स्वतः धर्मगुरू असलेले जॉर्ज लमेत्र यांना ती सांगड पसंत पडली नव्हती. दोन्ही बाजूंनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आधाराच्या युक्तिवादावर फार रेंगाळत नाही. दिव्याची साखळी पटते, पण विश्वात अशी साखळी नेमकी कुठे आहे ते मित्राला दाखवायला सांगा. ‘काठी दगड ढकलते, हात काठी ढकलतो’ हे अक्वायनसचं उदाहरण, पण गतिमान वस्तूला गती टिकवायला सतत कुणी ढकलावं लागत नाही, हे न्यूटननंतर आपण जाणतो. गती सोडून अस्तित्वाचा आधार म्हटला तर टेबल रेणूंवर, रेणू अणूंवर, अणू इलेक्ट्रॉन आणि क्वार्कवर, ते क्वांटम क्षेत्रांवर. साखळी इथे थांबते असं मानलं तर हूक विश्वाच्या आतच सापडला. तो बाहेर आहे हे दाखवायला वेगळं काहीतरी लागेल, आणि ते ‘वेगळं काहीतरी’ म्हणजेच तिसरा युक्तिवाद.

खरी ताकद या तिसऱ्यात आहे. लायब्निझनं १६९७ मध्ये दिलेलं उदाहरण: भूमितीचं एक पुस्तक आहे. ते कशावरून उतरवलं? आधीच्या प्रतीवरून. ती? तिच्या आधीच्या. असं अनंत मागे जा. प्रत्येक प्रतीचं स्पष्टीकरण मिळालं, एकही सुटली नाही. तरीही, मुळात भूमितीची पुस्तकं आहेतच का आणि त्यांत हाच मजकूर का, हे कळलं का? नाही. आता बघा, या युक्तिवादाला विश्वाचा आरंभ लागतच नाही. भूतकाळ अनंत असला तरी प्रश्न तसाच उभा राहतो. म्हणून ‘विश्व अनादि असेल’ हे उत्तर काळाच्या युक्तिवादाला चालतं, इथे ते निरुपयोगी आहे.

यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचं उत्तर, १७७९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलेलं: वीस कणांच्या ढिगातल्या प्रत्येक कणाचं कारण मी सांगितलं, तर ‘आता त्या विसांचं एकत्र कारण सांगा’ ही मागणी अवाजवी आहे. कण आपापल्या बाहेरच्या कारणांनी आले असतील तर हे पटतं. पण वीसही कण एकमेकांमुळेच आहेत असं असेल तर? मग ढीगच का आहे हा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि पुस्तकाचं उदाहरण तेच दाखवतं.

१९४८ च्या बीबीसी रेडिओवरील वादात तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलनी ईश्वराची बाजू मांडणाऱ्या फादर कोपलस्टनना उत्तर दिलं ते असं: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला एक आई असते असं होत नाही. हा आक्षेप जिथे लागू आहे तिथे अचूक आहे. ‘प्रत्येकाला काही ना काही कारण’ यावरून ‘सगळ्यांना मिळून एकच कारण’ निघत नाही. पण अवयवांवरून समूहाकडे जाणं दर वेळी चुकीचंच असतं असंही नाही: प्रत्येक वीट लाल असेल तर त्या विटांची भिंत लाल असते. प्रत्येक वीट हलकी असेल तर भिंत हलकी नसते. ‘नसूही शकलं असतं’ हा गुण लाल रंगासारखा की वजनासारखा, यावर बोला. फक्त ‘तर्कदोष!’ म्हणून थांबू नका.

रसेलनी शेवटी जी भूमिका घेतली ती सरळ होती: विश्व आहे, बस्स, त्याला स्पष्टीकरण नाही. ही पळवाट नाही, प्रामाणिक भूमिका आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. इतर सगळीकडे ‘का?’ विचारायचं आणि इथेच थांबायचं, हे कशावरून ठरवलं याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. मित्रालाही किंमत आहेच. ‘प्रत्येक तथ्याला पुरेसं कारण असतं’ हे तत्त्व पूर्ण जोरानं मानलं, तर सगळ्या आगंतुक (म्हणजे नसूही शकली असती अशा) तथ्यांचं कारण एका अनिवार्य, म्हणजे नसूच शकत नाही अशा, गोष्टीत जातं. आणि ते कारण खरोखर पुरेसं असेल, म्हणजे त्यातून परिणाम अटळपणे निघत असेल, तर जे आहे ते सगळंच अनिवार्य होतं. आज पडलेला पाऊस, तुमचा प्रश्न, सगळं. मग ‘नसूही शकलं असतं’ असं काही उरतच नाही, आणि युक्तिवाद सुरू झाला होता नेमका त्याच शब्दांवर. यातून सुटायला त्याला तत्त्व थोडं सैल करावं लागेल: कारण असतं, पण त्यातून परिणाम अटळपणे निघतोच असं नाही. ठीक. पण सैल करायचं तर ते विश्वाच्या अलीकडेच का सैल करू नये, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. दोन्हीकडचे जाणते लोक आजही इथे भांडत आहेत.

एक गोष्ट राहिली: कारण मान्य केलं तरी ते ईश्वर, बुद्धिमान, एकच, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. उदयनांच्या अनुमानात घटाला कुंभार तसा पृथ्वी वगैरेंना कर्ता. अशा अनुमानावर बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा, उदयनांच्याही आधीचा, आक्षेप असा की मातीचाच आकार म्हणून वारूळही कुंभारानं केलं असं ठरेल. कर्ता अनुमानता येतो तो फक्त त्या प्रकारच्या कार्यावरून, ज्याचा कर्ता आपण प्रत्यक्ष पाहिलाय. आणि न्यायमतात परमाणू नित्य आहेत, ईश्वर फक्त निमित्त कारण, म्हणजे शून्यातून निर्मिती तिथे नाहीच. मीमांसकांनी, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा विचार करणाऱ्या दर्शनानं, तर जग असं नव्हतं असा काळ कधी नव्हताच, म्हणत निर्मात्यालाच नकार दिला, आणि तेही वेदप्रामाण्य मानून. ‘आपलं दर्शन असं सांगतं’ असं कुणी सरसकट म्हणालं तर कुठलं दर्शन, हे विचारून घ्या.

पुढच्या वेळी बसाल तेव्हा मित्राच्या तोंडचं वाक्य बदलून त्यालाच परत द्या: ‘प्रत्येक गोष्टीला’ ऐवजी तुला ‘आरंभ असलेल्या’ म्हणायचंय की ‘नसूही शकलं असतं अशा’? तो पहिलं म्हणाला तर अनंत पूर्णांकांच्या ओळीकडे आणि २००३ च्या प्रमेयाच्या सीमेकडे जा. दुसरं म्हणाला तर ‘देवाचं कारण काय’ हे वाक्य सोडून द्या आणि विचारा: विश्व नसूही शकलं असतं, हे तुला कशावरून कळलं?